कोंकणांतील विद्यार्थी व त्याचें दुसरें घर

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच ख्रिस्तमंदिराच्या पायाच्या दगडाकडे वळते. वेदी केव्हां बांधिली, घंटा कोठून आणिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन सेवा करून गेले, या नोंदींस स्मरणिकेंत मानाचें पान मिळालेंच पाहिजे. प्रस्तुत लेखकाला मात्र वाचकांचें लक्ष दुसऱ्या एका बांधकामाकडे वेधावयाचें आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलाची बुद्धि कशी वाढावी, चारचौघांत वागण्याची रीत त्याच्या अंगीं कशी यावी, आणि त्याचें मन निर्भय व प्रेमळ कसें राहावें, या तीन गोष्टींचा विचार आपल्या कोंकणांत व एकंदर महाराष्ट्रांत कोणीं केला, केव्हां केला आणि कोणत्या दुःखांतून केला, याची ही हकीकत आहे.

संत लूक यानें बालयेशूच्या नाझरेथ येथील दिवसांविषयीं फार थोडें लिहून ठेविलें आहे. तरी त्या थोडक्यांत तो मुलाच्या ज्ञानाचा उल्लेख करितो, देहाच्या वाढीचा करितो, आणि देवाची व माणसांची प्रीति त्यास लाभत गेली हेंही सांगावयास विसरत नाहीं. मुलाची वाढ एकाच मापानें मोजूं नये, ही शिकवण त्यांत आहे. आपल्या शाळांनीं पुष्कळ काळ पाटीवरील अक्षरांचेंच तेवढें माप घेतलें. उरलेलीं मापें कोणीं शोधिलीं हें पाहूं गेलें तर नवल वाटतें, कारण शोधणारांपैकीं कित्येक स्वतःच विद्यार्थिदशेंत दुखावले गेले होते; आणि त्यांतले तिघे तर आपल्याच कोंकणचे होते.

या हकीकतीला आरंभ तळेरें येथूनच करूं. कणकवली तालुक्यांतील हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेलें आहे. येथून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गाच्या बंदराकडे उतरतो, तर दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यास व तेथून कोल्हापुरास जातो. उत्तरेस मुंबई, दक्षिणेस गोवें. या नाक्यावर घटकाभर उभें राहिलें म्हणजे कोंकणी मुलाचें नशीब ज्या चार वाटांनीं घडत आलें त्या चारही वाटा एकदम नजरेस पडतात. त्या एकेक घेऊं.

विजयदुर्गची वाट ही बापाच्या निघून जाण्याची वाट होती. मोटारींचे रस्ते नीट होण्यापूर्वीं मुंबईच्या आगबोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें या बंदरांना लागत, आणि त्यांतून गांवोगांवचे तरुण गिरणींत, गोदींत अथवा कोणाच्या घरीं चाकरीस म्हणून जात. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं वेगळा झाला; त्यापूर्वींचा जो अखंड रत्नागिरी जिल्हा, त्यानें मुंबईच्या कापडगिरण्यांना पिढ्यानुपिढ्या माणसें पुरविलीं. हा चाकरमानी गिरणगांवांत गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत वळकटी टाकून राही. गोव्याकडील ख्रिस्ती बांधव त्याच रीतीनें आपापल्या गांवाच्या कुडींत राहत. बायकामुलें गांवीं. मुलाला बापाची ओळख दोन गोष्टींनीं होई, एक सणाची रजा आणि दुसरी मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या कागदाला तळाशीं मजकुरासाठीं एक चिठोरी असे. तेवढ्यांत बापाचें सगळें प्रेम, सगळा धाक व सगळी चौकशी मावावयाची. आई निरक्षर असली तर ती चिठोरी वाचून दाखविण्याचें काम मुलाकडेच येई. म्हणजे आपल्या अभ्यासाविषयींची बापाची चौकशी आपणच आईला वाचून दाखवावयाची! पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि कित्येक घरांतून ती चिठोरीही येईनाशी झाली.

अशा घरांत आई पहाटेपासून शेतांत व गोठ्यांत राबे. मुलाच्या मनांत काय चाललें आहे हें विचारावयास तिला सवड कोठची? यामुळें कोंकणांतील शाळेवर एक जादा जबाबदारी न मागतां येऊन पडली. मास्तर हिशेब व व्याकरण शिकवीतच. पण पुष्कळ मुलांच्या आयुष्यांत रोज दृष्टीस पडणारा वडील माणूस तोच एक असे. त्यानें मुलाकडे कोणत्या नजरेनें पाहिलें यावर मुलाचें पुढचें पुष्कळसें अवलंबून राही. ही गोष्ट किती खरी आहे याची साक्ष उत्तरेच्या वाटेवर मिळते.

तळेऱ्याहून महामार्गानें उत्तरेस जावें, आणि खेडपाशीं समुद्राकडे वळावें, म्हणजे दापोली तालुका लागतो. या तालुक्यांतील मुरूड व पालगड हीं दोन गांवें, आणि शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें तिसरें, यांच्याशीं तीन विद्यार्थ्यांचीं नांवें निगडित आहेत. तिघांच्याही विद्यार्थिदशेंत एकेक घाव आहे.

पहिले धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८ चा, बालपण मुरुडास गेलें. तेथें सोमण गुरुजी म्हणून एक शिक्षक होते. विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेर नेऊन गांवच्या कामांत घालावयाचें, लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवावयास लावावयाचें, असा त्यांचा क्रम असे. आपल्या अंगीं लोकसेवेची जी आवड उत्पन्न झाली तिचें श्रेय कर्वे या गुरुजींस देत असत. १८७५ सालीं सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं हा मुलगा सोबत्यांसह मुरुडाहून साताऱ्यास पायीं निघाला. वाट शंभराहून अधिक मैलांची, दिवस पावसाचे, मध्यें सह्याद्रीचा घाट. चार दिवस चालून तीं मुलें पोहोंचलीं. परंतु परीक्षेस बसण्यापूर्वींच, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, एवढ्या कारणावरून कर्व्यांस परत लावण्यांत आलें. त्यांची अंगलट लहान, इतकाच काय तो अपराध. गांवच्या गुरुजींनीं मुलांतला माणूस पाहिला होता. कचेरीनें उंची तेवढी पाहिली. पुढल्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यांनीं ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. दारांतून परत फिरविल्या जाण्याचें दुःख ज्यानें असें भोगिलें, त्यानेंच १८९६ सालीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढिला व १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. आश्रमांत येणाऱ्या तरुण विधवेस आधीं निर्भय निवारा मिळे व मग पुस्तक. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां पुन्हां येणार आहे.

दुसरे डॉक्टर भीमराव आंबेडकर. घराणें आंबडव्याचें, जन्म १८९१ सालीं महू येथें. बालपणाचा कांहीं काळ दापोलीस व पुढें साताऱ्यास गेला. शाळेंत त्यांनीं बसावयाचें तें घरून आणिलेल्या गोणपाटावर, आणि तें गोणपाट संध्याकाळीं परत घरीं न्यावयाचें, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे. तहान लागली तर नळास हात लावावयाचा नाहीं. शिपायानें सोडला तर पाणी, शिपाई जवळ नसला तर पाणी नाहीं. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. त्या वर्गांत बुद्धीला धडे मिळत होते यांत शंका नाहीं. पण त्याच वर्गांत मनाला रोज दुसरा एक धडा मिळत होता, आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकांत छापलेला नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या इंग्रजी शाळेंत त्यांचें नांव दाखल झालें. तो दिवस आतां महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळितात. १९२४ सालीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तेव्हां तिच्या आरंभींच्या कामांत सोलापूर येथील विद्यार्थी वसतिगृह होतें. पुढें १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढिली व दुसऱ्याच वर्षीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू झालें.

तिसरे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. २४ डिसेंबर १८९९ रोजीं पालगडास त्यांचा जन्म झाला. दापोलीच्या शाळेंत शिकत असतां घरची गरिबी वाढत गेली, तेव्हां तेथून दूर औंधास जाऊन अर्धपोटीं राहून त्यांनीं शिक्षण चालविलें. १९१७ सालीं आई वारली, आणि तिच्या अंतसमयीं हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. ज्यानें परगांवीं भूक सोसली व आईची शेवटची भेट गमावली, त्या माणसाला १९२४ सालीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षकाची जागा मिळाली, आणि पुढें तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

त्या छात्रालयांत गुरुजींनीं जें केलें तें महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहून ठेवण्यासारखें आहे, आणि तरी तें इतकें साधें आहे कीं कोणत्याही गांवीं कोणालाही करितां यावें. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर रागें न भरतां ते स्वतः झाडून काढीत. पसरलेलें सामान नीट लावून ठेवीत. मूल आजारी पडलें तर त्याच्या उशाशीं बसत. मुलें परत आल्यावर आपलें काम कोणी केलें हें त्यांना कळे, आणि दुसऱ्या दिवशीं लाजून तीं आपणच केरसुणी हातीं घेत. शिवाय गुरुजी मुलांसाठीं हातानें लिहून एक दैनिक काढीत. 'छात्रालय दैनिक' हें त्याचें नांव. जगांतील घडामोडी, थोरांच्या गोष्टी, छात्रालयांतील बरेंवाईट, सगळें त्यांत असे, आणि सकाळीं उठून मुलें तें आवडीनें वाचीत. छापखाना नाहीं, वर्गणी नाहीं. एका शिक्षकाची जागलेली रात्र एवढेंच त्याचें भांडवल. बुद्धि, सोबत्यांशीं वागणूक आणि मन, या तिहींची जोपासना एकाच उद्योगांत कशी साधते याचें याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाहीं. १९३० सालीं गुरुजी नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळींत गेले. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिलें. त्या पुस्तकाची मांडणी पाहा: रात्रीं सोबती भोंवतीं बसले आहेत आणि एकजण आपल्या आईच्या आठवणी सांगत आहे. छात्रालयांतील रात्रीची बैठकच जणूं तुरुंगाच्या भिंतींतून बाहेर आली व घरोघर जाऊन बसली.

आतां पूर्वेची वाट. करूळ घाट चढून गेलें म्हणजे कोल्हापूर. ५ जुलै २००५ रोजीं पुणे धर्मप्रांतांतून आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्यांत कोंकणच्या दोन जिल्ह्यांबरोबर कोल्हापूरचाही समावेश झाला. तेव्हां घाटावरची ही हकीकत आपणांस परकी नाहीं. या नगरींत राजर्षि शाहू छत्रपतींनीं वसतिगृहांची जी माळ गुंफिली तिला हिंदुस्थानांत तोड नव्हती. खेड्यांतला मुलगा हुशार असूनही शहरांत राहावयास जागा नाहीं, जेवावयास ताट नाहीं, म्हणून शिक्षणास मुकतो, हें महाराजांच्या ध्यानीं आलें. १९०१ सालीं मराठा व जैन विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें निघालीं. १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांचें, १९०८ सालीं अस्पृश्य मानिलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, आणि १९१५ सालीं इंडियन ख्रिश्चन होस्टेल. अशीं आणखीही पुष्कळ निघालीं. १९१७ सालीं महाराजांनीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें.

येथें एक शंका वाचकाच्या मनांत येईल. प्रत्येक जातीचें व धर्माचें निराळें वसतिगृह काढल्यानें मुलांची सामाजिक वाढ होईल कीं खुंटेल? शंका रास्त आहे. त्या काळीं एका पंक्तीस बसावयास पालकच तयार नव्हते. सर्वांचें एकच वसतिगृह काढिलें असतें तर तें ओस पडलें असतें. म्हणून महाराजांनीं आधीं मुलें शहरांत आणिलीं. पंक्ति एक करण्याचें काम पुढच्या पिढीवर राहिलें, आणि तें करणारा माणूस याच वसतिगृहांतून निघाला. त्याचें नांव भाऊराव पाटील. १८८७ सालीं कुंभोज येथें जन्मलेले भाऊराव कोल्हापुरांत वसतिगृहांत राहून शिकत असतां मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेले, आणि तेथून परत आल्यावर शुद्धीसाठीं स्नान करावयास त्यांनीं नकार दिला. त्यामुळें त्यांस आपलें वसतिगृह सोडावें लागलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१९ सालीं काले या खेड्यांत त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, व १९२४ सालीं साताऱ्यास एक वसतिगृह उघडिलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र रांधीत व एकाच पंक्तीस जेवीत. श्रम करावयाचे व शिकावयाचें असा दंडक होता. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

भाऊरावांबरोबर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वसतिगृहांत धान्य संपलें व पैसा नाहीं अशा वेळीं या माउलीनें आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां, मुलांच्या भाकरीसाठीं काढून दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. व्याख्यानांतून समता शिकविणारे पुष्कळ असतात. भुकेल्या मुलांना एकाच परातींतून भाकरी वाढणाऱ्या बाईनें ती अधिक चांगली शिकविली असें वाटतें, कारण ज्यांच्याबरोबर लहानपणीं जेवलों त्यांना माणूस मोठेपणीं सहसा परकें मानीत नाहीं.

चौथी वाट दक्षिणेची, गोव्याची. या वाटेनें आपणांस भाषेचा प्रश्न भेटतो, आणि मुलाच्या मनाशीं त्याचा फार जवळचा संबंध आहे. घरीं 'खंय' व 'माका' म्हणणारें मूल शाळेंत येतें आणि तेथें त्यानें 'कोठें' व 'मला' म्हणावयाचें असतें. पहिल्या दिवशींच त्याच्या बोलीला वर्ग हंसला, तर तें मूल वर्षभर तोंड उघडीत नाहीं. आणि मास्तर समजतात कीं मुलाला कांहीं येत नाहीं! या बाबतींत आपल्याच परंपरेंत एक उत्तम दाखला आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु टॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व साष्टी प्रांतांत त्यांनीं जन्म घालविला. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. त्याच्या प्रस्तावनेंत ते सांगतात कीं ग्रंथ मराठींत रचिला आहे, परंतु पूर्वकवींचे अवघड शब्द टाकून लोकांच्या तोंडच्या सोप्या बोलीचे शब्द ठिकठिकाणीं मिसळिले आहेत, हेतु हा कीं साध्या माणसांस तो समजावा. परदेशांतून आलेल्या विद्वानानें ऐकणाराची बोली आपलीशी केली. उलटपक्षीं १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढिला. हुकमानें बोली मेली नाहीं, ती आजही जिवंत आहे. पण कोणती रीत मुलाला जवळ घेते व कोणती त्यास दूर लोटते हें या दोन गोष्टींवरून उघड होतें.

ज्या गोष्टी आपल्या लोकांनीं स्वतःच्या दुःखांतून शोधिल्या त्याच गोष्टी इतर देशांतही सत्पुरुषांना व विदुषींना सांपडल्या आहेत. ८ डिसेंबर १८४१ रोजीं इटलींतील ट्यूरिन शहरीं तरुण धर्मगुरु जॉन बॉस्को मिस्सेची तयारी करीत होते. एक पोरका मुलगा थंडीचा आडोसा म्हणून आंत आला होता. त्यास मिस्सेची सेवा करितां येईना, म्हणून मंदिराच्या सेवकानें त्यास मारून हांकलून दिलें. बॉस्को यांनीं त्यास परत बोलाविलें व गोडीनें विचारिलें. वाचतां येतें का? नाहीं. लिहितां? नाहीं. गातां? नाहीं. मग शीळ तरी घालतां येते का? हें ऐकून मुलगा हंसला. त्या हंसण्यांतून डॉन बॉस्कोंचें सारें कार्य उभें राहिलें. मुलाला जें येत नाहीं त्याची यादी संपवून जें येतें तेथवर त्यांचा प्रश्न पोहोंचला. मुलांवर नुसतें प्रेम असून भागत नाहीं, आपल्यावर प्रेम आहे हें मुलांस कळलें पाहिजे, असें त्यांचें सांगणें असे. १८८८ सालीं ते निवर्तले, १९३४ सालीं ते संतपदास चढले. त्यांच्या संघाचे धर्मगुरु १९०६ सालीं हिंदुस्थानांत व १९२८ सालीं मुंबईस आले.

इटलीच्याच मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडिलें. लहान मुलाला मारून बसविण्यापेक्षां त्याच्या हातांस योग्य काम दिलें तर तें आपणच शांत व एकाग्र होतें, हें त्यांनीं दाखविलें. ती पद्धति आपल्याकडे रुजविण्याचें काम गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं केलें. १९४५ सालीं ताराबाई बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम करूं लागल्या व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर तें कार्य वाढलें. आदिवासी मुलें गुरें राखावयास जातात, शाळेंत येत नाहींत, असें दिसल्यावर या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. मूल शाळेस येत नाहीं म्हणून त्यास दंड करण्याऐवजीं तें कां येत नाहीं हें पाहावयास त्या गेल्या, हें त्यांचें मोठेपण.

आतां पुन्हां तळेऱ्याच्या नाक्यावर येऊं. येथेंच वामनराव महाडिक यांच्या नांवाचें विद्यालय आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून मुलें रोज या गांवीं शिकावयास येतात. कोंकणांतील शाळांची कीर्तीही वाढली आहे. २०१२ सालीं रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठीं स्वतंत्र कोंकण परीक्षा मंडळ सुरू झालें, आणि तेव्हांपासून दहावी-बारावीच्या निकालांत हा विभाग राज्यांत अग्रभागीं राहत आला आहे. याचा अभिमान प्रत्येकानें बाळगावा. कायदाही मुलांच्या बाजूस उभा आहे: २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस त्यानें बंदी केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही मुलांच्या सामाजिक व भावनिक वाढीचा उल्लेख आहे.

परंतु निकालाच्या टक्केवारींत रडलेलें मूल दिसत नाहीं. कायदा छडी थांबवितो, पण पाठीवर हात ठेवण्यास कोणास भाग पाडूं शकत नाहीं. आणि चाकरमान्याचें दुःख अद्याप संपलेलें नाहीं, त्याचें रूप मात्र बदललें आहे. गिरण्या गेल्या, आज कोणाचे वडील बोटीवर आहेत, कोणाचे आखाती देशांत, कोणाची आईही परगांवीं नोकरीस. मनीऑर्डरच्या चिठोरीची जागा भ्रमणध्वनीनें घेतली. चेहरा दिसतो, आवाज ऐकूं येतो, आणि तरी पहिला प्रश्न बहुधा तोच असतो: गुण किती मिळाले? वडिलांनीं एकदां तो प्रश्न मागें ठेवून, आज कोणाबरोबर खेळलास, कोणीं तुला दुखविलें कां, असें विचारून पाहावें. मुलगा किंवा मुलगी काय सांगेल याची त्यांना कल्पना नसेल.

तेव्हां ज्युबिलीच्या वर्षीं आपण काय करावें? या इतिहासांतून निघणाऱ्या गोष्टी खर्चाच्या नाहींत. धर्मग्रामांतील शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचें नांव वडीलधाऱ्यांस ठाऊक असावें, आणि कोणाचें मूल दोन रविवार दिसलें नाहीं तर कोणीतरी त्याच्या घरीं जावें. ज्या घरीं शांतता नाहीं त्या घरच्या मुलांसाठीं संध्याकाळीं एक खोली व एक दिवा असावा, आणि तेथें जात व धर्म न पाहतां शेजारपाजारच्या मुलांनाही जागा असावी. अभ्यासांत मागें पडणाऱ्याला शिकविण्याचें काम वरच्या वर्गांतील मुलांकडे द्यावें, म्हणजे एकाची बुद्धि व दुसऱ्याचें अंतःकरण एकाच वेळीं वाढेल. आणि शिक्षकांस, मग ते कोणत्याही शाळेचे असोत, आपण परके मानूं नये. ज्या ओझ्याविषयीं ते कोणाजवळ बोलत नाहींत त्याची विचारपूस करावी. मुलांचें मन सांभाळणाऱ्याचेंही मन कोणीतरी सांभाळावें लागतें.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे कर्णा वाजत असे, बांधलेले सुटत, आणि दूर गेलेला प्रत्येकजण आपल्या कुळाकडे व वतनाकडे परत येई. घरीं परत येणें हा ज्युबिलीचा मूळ अर्थ आहे. मुरुडचा मुलगा पावसांत चालून गेला व दारांतून परत फिरला. आंबडव्याच्या घराण्यांतील मुलगा आपलें गोणपाट काखेंत घेऊन घरीं गेला. पालगडचा मुलगा आईच्या शेवटच्या श्वासाला पोहोंचला नाहीं. तिघांनींही पुढें इतरांच्या मुलांसाठीं घरें बांधिलीं. आपल्या धर्मग्रामांतील शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलास शाळेंत पाऊल टाकितांना आपण घरींच आलों असें वाटावें, एवढी देवकृपा या वर्षीं आपणांस लाभो, आणि त्यासाठीं लागणारे कष्ट आपण आनंदानें करूं.